एका पातेल्यातला खवा

भूमजवळच्या वाशीच्या बाजारातल्या सगळ्या बायकांचा खवा एकाच पातेल्यात कालवून एकाच भावानं विकायचा, ही अक्कल माझी. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. ठरावाच्या कागदावर अक्षर माझं, खाली सही माझी, आणि सहीखाली मी एक झोकदार रेघसुद्धा ओढली होती.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता ऐंशी उलटली, तर त्यातलं निम्मंही कळत नाही.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आमचे हे वाशीच्या शाळेत मास्तर. सकाळी गेले की दिवेलागणीला उगवायचे, आणि उगवले तरी वह्यांत बुडायचे. मी सोलापूरची, सातवी शिकलेली. मूलबाळ अजून नव्हतं. गावातल्या बायका माझ्याशी फार अदबीनं वागायच्या, म्हणजे बोलायच्या नाहीत. मी घागर घेऊन आडावर गेले की त्यांच्या गप्पा बंद. दुपार इतकी लांबायची, की भिंतीवरच्या पालीशी मी चार शब्द बोलायचे. एक दिवस तीही निघून गेली.

बोलायला एकच माणूस होतं. दोन घरं सोडून राहणारी खाला. सारं गावच तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचं. नवरा वारलेला, लेक नळदुर्गला दिलेली, दारात दोन म्हशी, आणि आसपासच्या गावांत कुणाला जमत नव्हता असा खवा. मी रोज दुपारी तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचे. लोखंडी कढईत दूध आटत असायचं, तिचा हात फिरत असायचा, आणि बोलता बोलता एकदम ती दोन लाकडं मागं ओढायची. आत्ताच का ओढली, विचारलं तर म्हणायची, "दूध सांगतंय की. तुला ऐकू येईना का?"

बाजारात खव्याची पारख साधी. गिऱ्हाईक चिमूटभर खवा तळहातावर चोळतं. तूप सुटून हात चकाकला, की माल खरा. खालाच्या खव्यानं तळहात आरशासारखा व्हायचा. तुळजापूरचा पेढेवाला आधी तिच्यापुढं बसायचा आणि इतरांपेक्षा जास्त भाव खुशीनं द्यायचा. तिचा खवा संपला की मग बाकीच्यांकडं वळायचा, तोंड जरा वाकडं करून. त्या बायका तोवर उन्हात बसलेल्या असायच्या.

ते मला खुपायला लागलं. त्याच सुमारास एक पुढारी गावात येऊ लागले होते. बोलायला लागले की बैलसुद्धा रवंथ थांबवायचे. त्यांनी बायकांचं मंडळ काढलं आणि लिहितावाचता येतं म्हणून मला प्रमुख केलं. म्हणाले, "वहिनी, दूध सारखं, मेहनत सारखी, मग एकीला जास्त आन् एकीला कमी, हा अन्याय न्हाय का?" मेहनत सारखी नव्हती, हे मला रोज डोळ्यांनी दिसत होतं. पण जन्मात पहिल्यांदा मला खुर्ची मिळाली होती. तिचा एक पाय आखूड होता, तरी खुर्ची ती खुर्ची. आणि खरं सांगायचं तर, ठराव झाला त्या दिवशी सगळ्या बायका माझ्याशी बोलल्या. तेवढ्यावर मी खवाच काय, गावातल्या म्हशीसुद्धा सारख्या केल्या असत्या.

ठराव असा: सगळा खवा एका पातेल्यात, भाव एक, वेगळी बसेल तिला बाजारात जागा नाही. खाला सभेला नव्हती. तिची म्हैस विणार होती. कागद घेऊन मीच तिच्या दारात गेले. रोजच्यासारखी आत गेले नाही, उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्यानं वाचला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् मला न्हाय घालायचा पातेल्यात, तर?"

"खाला, हे सगळ्यांसाठी आहे."

"सगळ्यांत मी हाय का न्हाय?"

"नियम आहे," मी म्हटलं. असला भारदस्त शब्द आपल्या तोंडून निघाला याचं मला केवढं कौतुक वाटलं!

पहिल्या बाजाराला तिचा खवा माझ्याच हातानं पातेल्यात टाकला आणि कालवला. खाला बघत होती. दुसऱ्या बाजाराला ती आलीच नाही. बाकीच्या मात्र खूश होत्या. तिसऱ्या बाजाराला पेढेवाल्यानं खवा चोळला, तर तळहात कोरडाच. चिमटीत एक दोरा आला. रताळ्याचा.

मी खुर्चीवरून कडाडले, "कुणी घातलं हे?"

एक बाई शांतपणे म्हणाली, "म्या. दूध आटवत बसा न्हायतर रताळं उकडा, भाव त्योच मिळतुय न्हवं, बाई?"

दुसरी म्हणाली, "आमचंबी हाय त्यात. पर आमी चाळून घातलं."

सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. पेढेवाला उठला तो भूमच्या बाजाराला गेला, परत आला नाही. पुढारीही पुढच्या गावी गेले. तिथं कशाचं पातेलं मांडलं, कोण जाणे. मी घाईघाईनं खालाकडं गेले तर चूल थंड, गोठा रिकामा. म्हशी विकून ती लेकीकडं निघून गेली होती. मला सांगितलंसुद्धा नव्हतं.

खालाला जास्त मिळतं म्हणूनच इतरांना कमी मिळतं, असा माझा हिशेब होता. पण तिनं कुणाच्या परातीतलं ओढलं नव्हतं. पेढेवाल्याला कुणी धरून आणलं नव्हतं. ती आपल्या मर्जीनं विकत होती, तो आपल्या मर्जीनं घेत होता, आणि मधे मी कागद घेऊन घुसले. त्या बायकांची गरिबी खोटी होती, असं मी आजही म्हणणार नाही. पण सारखं करायची मला एकच वाट सापडली. खालाकडून तिचं 'नाही' काढून घ्यायचं. ते काढून घेतल्यावर उरलं काय, तर रताळं. आजही कुणी माईकवरून सगळ्यांच्या नावानं बोलायला लागलं, की मी मान उंचावून बघते, ज्याच्या घरचं कालवायचंय तो माणूस सभेत आहे का. नातसुना मला खडूस म्हणतात. म्हणोत.

मंडळ मोडलं. बायका पुन्हा अदबीनं वागायला लागल्या. दुपारी मी काही काम नसताना खालाच्या बंद दारावरून जायचे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की चप्पल नीट करायला वाकायचे.

वर्षभरानं धीर केला. यांना मावशीकडं जाते सांगितलं आणि एस.टी.नं नळदुर्ग गाठलं. सडकेला लागून तिच्या जावयाचं चहाचं हॉटेल होतं. मागच्या अंगणात खाला कढईपुढं बसली होती. नवी म्हैस घेतली होती. तिनं मला पाहिलं आणि पायानंच एक पाट माझ्याकडं सरकवला. ढवळणारा हात थांबवला नाही. मी पाटावर बसले आणि रडायलाच लागले. "खाला, माझ्यावरचा राग सोडा," एवढंच कसंबसं म्हणाले.

ढवळता ढवळता तिनं दोन लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "राग कसला, बेटी? त्या बायांची लेकरं उपाशी हुती, त्ये काय मला दिसत न्हवतं? रोज येत हुतीस तशी आत यिऊन बसली असतीस आन् इचारलं असतंस, तर जाळ कसा धरायचा त्ये समद्यांना मीच शिकवलं असतं. पर तू भायेर हुबी राहिलीस, आन् कागद वाचलास."