भुराची कामठी

भुरा पावरा घड्याळ वापरत नाही आणि चप्पल झिजेल म्हणून ती हातात धरून चालतो. गेल्या अठ्ठावीस वर्षांत माझं एकही म्हणणं त्याने पहिल्या झटक्यात ऐकलेलं नाही. मी मायक्रोमीटरवर जगलेला माणूस, म्हणून तो मला माझ्या तोंडावर 'फूटपट्टी' म्हणतो. आयुष्यात मी मनापासून खोटं बोललो ते दोनच माणसांशी. एक माझी आई, तिच्या शेवटच्या आजारात. दुसरा हा भुरा. आईचं खोटं तिच्याबरोबर गेलं. भुराचं मात्र यंदा होळीनंतर माझ्या गळ्याशी आलं.

मी अभिमन. वरणगावच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं टर्नर होतो. आता रिटायर झालोय आणि घरामागच्या शेडमध्ये एक जुना लेथ ठेवून शेजाऱ्यांची झोप मोडतो. भुरा यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर राहतो. पावसाच्या भरवशावरची दोन एकर ज्वारी, उन्हाळ्यात जंगलातला मोह आणि चारोळी, उरलेल्या दिवसांत फैजपूरच्या बागांमधून केळीचे घड कापायचं काम. त्यातली एक बाग नवल पाटलाची. नवल माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमच्या घरचा जावई, आणि हे तो कधी विसरत नाही.

त्याच बागेच्या शेततळ्यावर मी भुराला पहिल्यांदा पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला बसले होते आणि हा काठावर बगळ्यासारखा उभा. हातात बांबूची कामठी, म्हणजे धनुष्य. तिची दोरीसुद्धा बांबूच्याच चिपेची. बोरूच्या तिराला लोखंडी टोक, टोकाला उलटा आकडा आणि तिराला बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळक्या भोपळ्याचा तुंबा. त्याने तीर सोडला आणि तुंबा पाण्यावरून सुसाट पळाला. तुंबा दमून थांबला तेव्हा दोरी ओढून भुराने दोन किलोचा रोहू बाहेर काढला.

"कसं रे जमतं?" मी विचारलं.

"मासा जठे दिखस तठे नही ऱ्हास," तो म्हणाला. "वीतभर खाले धर."

पाण्यात किरण वाकतो हे मी आयटीआयच्या पुस्तकात घोकून पास झालो होतो. तो तेच पोटासाठी शिकला होता. त्या दिवसापासून मी त्याला सोडलं नाही. त्याच्या तिरांची टोकं माझ्या लेथवर बनायला लागली. दर साली होळी झाली, पाणी उतरलं की भुरा, नवल आणि मी असे तिघं पाड्यामागच्या छोट्या धरणावर दोन दिवस जायचो. तिथल्या मच्छीमार सोसायटीचा तोताराम आमच्या ओळखीचा. त्याला एक मासा कबूल केला की तो काही म्हणत नसे.

त्या धरणात एक मोठा कटला आहे. पंधरा किलोच्या खाली नसेल. आम्ही त्याचं नाव 'जावई' ठेवलं होतं. येतो उशिरा, बसतो मधोमध, आणि कितीही सरबराई करा, हाती काही लागू देत नाही. नवलला हे नाव कधीच आवडलं नाही. म्हणूनच आम्ही ते बदललं नाही.

आता माझ्या खोट्याकडे येतो.

तीन-साडेतीन वर्षांमागे भुराचा नेम चुकायला लागला. कधी तरी नव्हे, रोजच. दर वेळी तीर वीतभर डावीकडे. विचारलं की म्हणायचा, "वारा शे." झाडाचं पान हलत नसे. उजव्या डोळ्यात सारा, म्हणजे मोतीबिंदू, आला होता, तो मला दिसत होता. पण डोळ्याचं नाव काढलं की तो उठून चालायला लागायचा. मग एकदा त्याची बायको धनीबाई हिने मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या घरात रीतच आहे, ज्याचा नेम गेला त्याने कामठीची दोरी उतरवायची आणि कामठी परसातल्या गिलक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवायची. भुराच्या बापाची कामठी तशीच गेली. ती रोवल्यावर म्हातारा त्याच बाजूला तोंड करून बसायचा आणि दोन वर्षांत संपला. "हाऊबी तठेच बसी," धनीबाई म्हणाली आणि तिने पदर डोळ्याला लावला.

त्या दिवशी घरी येऊन मी स्टेनलेसची पाच टोकं बनवली, आणि पाचही टोकं अर्धा सूत, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, उजवीकडे कलती ठेवली. तेहतीस वर्षांत मी जाणूनबुजून एक जॉब वाकडा केला नव्हता. त्या रात्री पाच केले. तिराची एकच बाजू वर यायला हवी, म्हणून प्रत्येकावर लाल दोरा गुंडाळला. भुराला सांगितलं, "दोरा नेहमी वर ठेव. आकडा चांगला अडकतो."

दुसऱ्याच दिवशी त्याने दोन मासे मारले. कामठी वेलाला गेली नाही, घरात खुंटीवरच राहिली. तीन वर्षं तो पाड्यावर छाती काढून चालला, आणि मी त्याच्या मागे चोरासारखा. होता होता मी स्वतःच ते विसरून गेलो. खोटं चाललं की ते खोटं वाटेनासं होतं, एवढंच मी शिकलो.

पण डोळा काही थांबला नाही. गेल्या थंडीत भुराने ज्वारीतल्या बुजगावण्याला तोताराम समजून राम राम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून तोतारामशी आठ दिवस बोलला नाही. खरा तोताराम माझ्याकडे विचारायला आला, "मी काय केलं?" मग मात्र मी भुराला जवळजवळ उचलूनच जळगावच्या डोळ्यांच्या शिबिरात नेलं. ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर त्याने पहिल्यांदा धनीबाईकडे पाहिलं आणि माझ्या कानाला लागला, "ही म्हातारी व्हयी गयी रे भाऊ. कव्हय व्हयनी?"

दीड महिना डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. त्याने माझं ऐकलं नाही, पण धनीबाईचं ऐकलं. होळी गेली. मग आम्ही तिघं नवलच्या जीपमधून धरणावर निघालो. भुरा पुढच्या सीटवर बसून वाटेतल्या एकेका झाडाचं नाव सांगत होता. जशी काही ती झाडं आम्हाला दिसतच नव्हती.

सकाळचे आठ वाजले असतील. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं. भुरा गुडघाभर पाण्यात शिरला, तुंबा मागे सोडला, लाल दोरा वर केला. चार हातांवर एक कटला तोंड उघडून वर आला. भुराने कामठी ओढली.

तीर माशाच्या उजवीकडून गेला.

"पहिला देवाले," नवल म्हणाला.

दुसराही उजवीकडून गेला. तिसरा तर इतक्या आळशी माशावर होता की मी काठीने मारला असता. तोही उजवीकडून.

"काय रे भो, पाण्याले मारी राह्यला का?" नवल हसला. मग भुराचं तोंड पाहून गप्प बसला. नवल गप्प बसला म्हणजे गोष्ट गंभीर आहे.

भुरा पाण्यातून बाहेर आला. खाली बसला आणि कामठीची दोरी एका टोकाकडून सोडवायला लागला. मला ते बघवेना. "बस व्हयनं, भाऊ," तो म्हणाला. "डोया नवा शे, पन नेम गया. डॉक्टरनं डोयासंगे नेमबी काढी लिया. आते हाई येलले दी टाकसू."

माझ्या शॉपमधला जुना मिस्त्री म्हणायचा, चूक दर वेळी वेगळी आली तर हात तपास, दर वेळी सारखीच आली तर टूल तपास. तीन तीर, तिन्ही उजवीकडे, तिन्ही वीतभर. ते वाक्य मला आत्ता आठवलं. उजवा डोळा अंधुक झाला तेव्हा भुरा नकळत डाव्याने नेम धरायला लागला होता, म्हणून तीर डावीकडे जात होता. आता उजवा डोळा परत आला होता. त्याचा नेम सरळ होता. वाकडे होते ते माझे तीर.

मी गप्प राहू शकलो असतो. रात्री टोकं सरळ करून सकाळी "आज वारा नाही" म्हणू शकलो असतो. पण समोर तो दोरी सोडवत होता. एकदा उतरलेली दोरी तो परत चढवणार नाही, हे मला माहीत होतं.

"भुरा, थांब," मी म्हणालो. "दोरी सोडू नको. चूक माझी आहे."

"तुनी काय चूक? डॉक्टरकडे तूच लयी गया, म्हनून?"

"तीर वाकडे आहेत. मी केले. जाणूनबुजून."

मी सगळं सांगितलं. अर्धा सूत, पाच टोकं, लाल दोरा.  भुरा हातातला तीर फिरवून फिरवून पाहत राहिला. नव्या डोळ्याने त्याला तो कल पहिल्यांदाच दिसत असावा.

"तीन साल?" त्याने विचारलं.

"तीन साल."

"आनि हाऊ लाल दोरा? आकडा अडकस म्हने?"

"तो पण खोटा."

तो उठला आणि दूर जाऊन पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. आता हा तोतारामशी धरला तसा माझ्याशी अबोला धरणार, आणि आठ दिवसांत भागणारही नाही, असं मला वाटलं. अठ्ठावीस वर्षांची दोस्ती मी अर्ध्या सुतात घालवली होती. मला खरंच रडू येत होतं.

"म्हनजे तीन साल मना नेम तू धरी ऱ्हायनता?" तो पाठमोराच म्हणाला.

"हो."

"आनि माले वाटे, मीच भारी शे."

त्याचे खांदे हलायला लागले. हा रडतोय म्हणून मी पुढे झालो, तर तो हसत होता. इतका हसला की शेवटी खाली बसला, आणि ऑपरेशनचा डोळा पुसू नये म्हणून दोन्ही हात डोक्यावर धरून हसत राहिला. माझ्या छातीवरून लेथ उतरल्यासारखं झालं. मीही हसायला लागलो.

"तुमी दोघं मासे मारायले आले की कीर्तनाले?" नवल ओरडला. त्यालाही बरं वाटलं होतं, हे त्याच्या ओरडण्यावरून कळत होतं.

जीपच्या डिकीतून पक्कड काढली. एक टोक दगडावर धरून मी सरळ करायला बसलो. जवळ ना गेज होता, ना डायल. आयुष्यात प्रथमच मी एक जॉब नुसत्या डोळ्याने केला. भुराने लाल दोरा दाताने तोडून थुंकला आणि तीर घेऊन पाण्यात शिरला.

बराच वेळ काही वर आलं नाही. नवलने माझा दंड धरला होता. मग डाव्या बाजूला पाणी फुगलं आणि एक कटला वर आला, पाच-सहा किलोचा. भुराने कामठी ओढली, थोडी खाली केली, सोडली.

तुंबा पळाला.

नवल कपड्यांसकट पाण्यात. मी काठावर उड्या मारत होतो, या वयात. दोरी ओढून मासा जवळ आला तेव्हा पाहिलं, तीर बरोबर कल्ल्यामागे बसला होता. एक केसही इकडे नाही, तिकडे नाही.

आणि त्याच वेळी, भुराच्या पुढ्यात तीन हातांवर, पाण्याची मोठी घडी उलगडली. ताटाएवढं डोकं वर आलं. जावई. त्याने तोंड उघडलं, आमच्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि सावकाश खाली गेला. सरळ तीर एकच होता, आणि तो माशात अडकलेला.

"पाहिला?" नवल म्हणाला. "जावई असा ऱ्हायते! मान राखून जाते!"

"पुढला साल," भुरा म्हणाला. त्याच्या तोंडून 'पुढला साल' ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं जावई हाती लागला असता तरी वाटलं नसतं.

संध्याकाळी तोतारामसाठी मासा कापून ठेवला, आणि भुराने त्याला दोनदा राम राम केला. एक त्या दिवसाचा, एक बुजगावण्याला दिलेला. पाड्यावर पोहोचलो तर धनीबाई परसातच उभी होती. गिलक्याचा कोवळा वेल जमिनीवर लोळत होता. तिने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. कामठीला दोरी होती. 

"येलले काठी लागी ना," भुरा म्हणाला आणि उरलेले चार वाकडे तीर माझ्यापुढे धरले. "भाऊ, तीन सरळ कर."

"आणि चौथा?"

चौथा त्याने आकडा खाली करून वेलाच्या मुळाशी रोवला. धनीबाईने वेलाचं टोक उचलून त्याच्याभोवती गुंडाळलं.

"हाऊ तसाच ऱ्हाऊ दे," भुरा म्हणाला. "माणूस म्हातारा व्हस. परत लागी. पन फूटपट्टी, पुढला टाइमले माले सांगीसन वाकडा कर."