दीपानं खाली घेतलेली गुंज

महेशचा फोन आला तेव्हा मी विक्रोळीला मंडळाच्या खोलीत झांजेची दोरी बदलत बसलो होतो. पोरगा एवढंच बोलला, "अण्णा, दीपा गेली." मी दोरीची गाठ पूर्ण मारली, मगच उठलो. का, ते विचारू नका… दीपा माझी सून. वय एकोणचाळीस. पोटातल्या गाठीनं चार महिन्यांत नेली. दीड महिना झाला. मी चौथीपर्यंत शिकलेला, गिरणीत राबलेला माणूस. पण तिच्याबद्दलचं हे मीच लिहिणार, असं महेशला बजावलं.

मुलुंडच्या आमच्या घरात आतल्या खोलीत तिचं काम चालायचं. गाणं रेकॉर्ड झालं की त्यावर शेवटचा हात फिरवायचा, मास्टरिंग म्हणतात त्याला. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग तिनं हौसेनं घेतलं आणि अडकली. बुवा गायला लागले की बाजूला माझी झांज, आणि झांजेपुढं कुणाचं चालत नाही. उसळलेला आवाज दाबणारं तयार सॉफ्टवेअर तिच्याकडं होतं, पण ते झांजेबरोबर बुवांनाही दाबायचं. आवाजाचे पट्टे पाडून दाबणारीही बाजारात होती; ती आमच्या वाद्यांना लागू पडेनात. म्हणून तिनं स्वतःच एक लिहायला घेतलं. खाली पखवाज, मग बुवांचा गळा, मग पेटी, वर झांज. जो पट्टा उसळेल तेवढाच दाबायचा. आठ महिने खपली. दोन पट्ट्यांमध्ये कुठं रेघ मारायची ते ठरवायला मला स्वयंपाकघरात उभं करून एकेक ठोका मारायला लावायची. शेजारीण डोकावून म्हणाली, आज आरती कसली? दीपा म्हणाली, सासऱ्यांना ओवाळतेय.

तयार झाल्यावर तिनं ऐकवलं. पहिल्या मिनिटालाच मी उठलो. झांज टण् करून गप्प होत होती, मागची गुंज गायब. एकतीस वर्षं मी त्या गुंजेवर नाव कमावलेलं… मंडळासमोर बोललो, "माझी झांज मी कुणाक दाबूक देवचंय नाय." पुन्हा रेकॉर्डिंग केलं तेव्हा मुद्दाम जोर लावला. ती सांगत राहिली, अण्णा, जेवढं जोरात माराल तेवढं ते जास्त दाबेल. मला वाटलं, दम देतेय. मी ते रेकॉर्डिंग तिच्याकडून मागून घेतलं आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत दिलं. तिथं सगळं एकत्रच दाबलं. माझ्या प्रत्येक ठोक्याला, कुणी डोकं धरून पाण्यात बुडवावं तसा बुवांचा आवाज आत जायचा. मला कळत होतं ते. तरी झकास झालंय म्हणून मीच सगळ्यांना मोबाईलवर पाठवलं. दीपाशी बोलणं बंद केलं. ती वाढायला आली की 'पुरे' म्हणायला नुसता हात आडवा धरायचो.

मग तिची गाठ निघाली. अंथरुणावर लॅपटॉप घेऊन ती तेच दुसरं रेकॉर्डिंग पुरं करत होती, हे मला महेशकडून कळलं. हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा म्हणाली, "अण्णा, ठोका मी तसाच ठेवलाय. मागची गुंज तेवढी खाली घेतली. एकदा शेवटपर्यंत ऐका." मी म्हणालो, "घरी ये, मग ऐकू." ती घरी येणार नाही हे डॉक्टरांनी आम्हाला सकाळीच सांगितलं होतं. तिलाही ठाऊक असावं. महेशनं मोबाईल पुढं केला, त्यात होतं भजन. मी हातात घेतला नाही. बाहेर जाऊन बाकावर बसलो… नऊ दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर महेशनं मला तिच्या खोलीत बसवून ते लावलं. ठोका खरंच होता, पहिल्यापेक्षा स्वच्छ. शेवटच्या गजरात दोन ठोक्यांच्या मध्ये बुवांचा हलका आवाज आला. ओळ संपवून, तोंड माझ्याकडं वळवल्यासारखं ते म्हणत होते, "हळू रे, हळू." पुढच्या फेरीला पुन्हा. चारदा. मी बुवांना फोन लावला, हे कधीपासून म्हणताय विचारलं. "पयल्यापासून," म्हणाले, "तुका कधी ऐकाक इला?"

दीपाला ते पुसून टाकता आलं असतं. तिनं ठेवलं.

तिची खुर्ची अजून टेबलाला लावलेली आहे. मी तिथं बसत नाही. दुपारी बाजूला स्टूल ओढतो, महेशनं दाखवलेलं बटण दाबतो. गजर आला की हात आपोआप उचलतात… ते मांडीखाली धरून बसतो, संपेपर्यंत.