त्रेसष्ट अंगठे, चार माणसं

काळुरामला गेम म्हटलं की आठी पडायची. खाडीचा बांध आणि त्यातली उघाडी, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी झडप, यांच्यावर पस्तीस वर्षं डोळा ठेवलेला माणूस तो. पडद्यावरच्या पाण्याचं त्याला काय कौतुक?

पण थोरला निकेश रोह्याच्या कंपनीत लागला. तिथल्या खोलीत पोरं चार आणि टीव्ही एकही नाही, म्हणून त्याचं गेमचं मशीन इकडे पेणच्या खारपट्टीतल्या घरीच राहिलं आणि धाकट्या मृणालीच्या तावडीत सापडलं. मृणाली म्हणजे आवाजांचं पोतं. एसटीचा कंडक्टर, मासळीवाली, कॉलेजातले सर, कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची.

गेम जपानी होता. नावाचा अर्थ म्हणे ‘मिठाचा देश’. करणाऱ्यांनी आभाळाला हात घालायचं ठरवलं होतं. गावातल्या माणसागणिक नाव, घर, झोपायची वेळ. चंद्र वाढेल तशी भरती वाढायची, ऊन पडेल तसं मिठागरात मीठ धरायचं. आणि मग अर्ध्या वाटेत त्यांचा दम संपला असावा. पुढच्या भागात पात्रांचे नुसते ओठ हलत, आवाज नाही. घोडा भिंतीतून आरपार जाई. एक होडी तर कायमची हवेत लटकलेली.

“मांडव आबालाएवरा, नि कालवणात मीठ नाय,” सरूने निवाडा दिला. सरू म्हणजे काळुरामची बायको.

मुकी पात्रं मात्र मृणालीच्या पथ्यावर पडली. राजकन्येला तिने कोलाडच्या आत्याचा आवाज दिला: “अगो बायो, मी नाय चरायची त्या घोऱ्यावर!” आणि मिठाच्या देशातला बांध राखणारा म्हातारा गेन्झो आला, तेव्हा तिने घसा खरवडला: “चिंबोऱ्यांनी बांध पोखरलाय. माजं आयकतंय कोन?”

काळुरामचा घास हातातच राहिला. “यो कुनासारका बोलतं गो?”

“कुनासारका नाय, बाबा.”

सरूने पदर तोंडात कोंबला.

त्या संध्याकाळपासून काळुराम जेवण झालं तरी पाटावरून उठेना. गेन्झोच्या गावाचं पुढे व्हायचं ते झालं: पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला, गाव बुडालं, गेन्झो वाहून गेला. नेटवर सगळे लिहीत होते की काहीही करा, ते गाव बुडतंच; तो भाग करणाऱ्यांनी अर्धा सोडलाय. मृणालीने मागे जाऊन परत खेळून पाहिलं. परत बुडालं. काळुराम उठून अंगणात गेला.

कारण चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, खरोखरच बांध पोखरला होता. उघाडीपासून वीस पावलांवर माती बसली होती. पोकलेन चिखलात शिरत नव्हता. अमावास्येच्या उधाणाला आठ दिवस उरले होते आणि भात पोटरीला आलं होतं. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढची तीन वर्षं त्या जमिनीत भात नाही. पूर्वी अशा वेळी जोळ निघायची: घरटी एक माणूस, डोक्यावर चिखलाची टोपली, आणि जो आला नाही त्याचं नाव देवळात मोठ्याने घेतलं जायचं. गेल्या साली काळुरामने निकेशकडून गावच्या ग्रुपवर निरोप टाकला होता. खाली अंगठे आले त्रेसष्ट. बांधावर माणसं आली चार. तेव्हापासून त्याने कुणाला बोलावणं सोडलं होतं. एकटाच घमेलं घेऊन जायचा.

दुसऱ्या दिवशी तो टीव्हीपुढे येऊन बसला. “राजकन्या धरून तुजी सात मानसं, नि बांधावर चारच कशी?”

“गेममदी चारच चालतान, बाबा. बाकी तिगं तंबूत बसतान.”

“तंबूत बसून काय करतान? बोलव त्यांना. नि गाव कुठं हाय?”

मृणालीने परत मागे जाऊन पडद्यावरच्या देवळातली घंटा वाजवून दाखवली. कुणी हललं नाही.

“घंटेला कोन येतं?” काळुराम म्हणाला. “उंबऱ्यावर जावा लागतं. घरोघर.”

“मंग तू ग्रुपवर का टाकलंस?”

काळुरामने पाट टीव्हीजवळ ओढला. सरू उगाचच भांडी आवरायला लागली.

गेन्झोच्या गावात बेचाळीस घरं. प्रत्येक दारी पडद्यावर एकच वाक्य उमटे, ‘आज हवा छान आहे’, म्हणून इतक्या दारांवर जायची कुणी तसदी घेतली नसावी. पण मृणाली प्रत्येक दारी वेगळा आवाज लावी. “काका, माजी सेकंड शिफ्ट हाय!”

“यो आपला निलेश,” काळुराम ओळखायचा, आणि पडद्याला उत्तर द्यायचा. “शिफ्ट दुपारी लागतं ना? सकाली काय करतस?”

पुढच्या दारी म्हातारीचा आवाज: “माजी कंबर धरलीय गो माय…”

“टोपली नको उचलू. भरून दे.”

चार संध्याकाळी हे चाललं. काळुरामला एवढं बोलताना सरूने वर्षभरात पाहिलं नव्हतं. बेचाळिसावं दार झालं, आणि मृणालीच्या हातातलं बटण दाबायचं राहिलं. पडद्यावर, बांधाच्या टोकाला एक टोपली दिसली. मागे दुसरी. मग रांगच लागली. तंबूतले तिघंही त्यात. करणाऱ्यांनी हे करून ठेवलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. अख्खं गाव बांधावर चढलं आणि मशीन घरघरलं. चित्र थिजलं.

“हँग जाला! आजचं सेव पन नाय केलंय!” मृणाली रडकुंडीला आली. “एवरी मानसं मशीनला झेपली नाय, बाबा.”

काळुराम पडद्याजवळ गेला. बोट लावून डोकी मोजली. पुढे गेन्झो उभा होता, त्याचा एक पाय उचललेला.

“पन आयले ना सगले?”

“आयले.”

“बंद नको करू. आयेस बगू दे.”

सरू हात पुसत आली आणि तिघंही त्या थिजलेल्या रांगेकडे बघत बसली. मग काळुरामने खुंटीवरचा सदरा घेतला. अमावास्येला चार दिवस होते, बाहेर अजून उजेड होता आणि डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्यांवर ऊन होतं.

पहिलं घर निलेशचं. आज सुटी म्हणून तो ओट्यावर बूट पुसत बसला होता. काळुराम उंबऱ्यासमोर उभा राहिला.

“निलेश, उद्या जोल हाय. बांधाला.”

“काका, माजी सेकंड शिफ्ट…”

काळुरामला हसू आवरेना. निलेशला काही कळेना.

“दुपारी लागतं ना? सकाली काय करतस?”

निलेशने बूट खाली ठेवला. मान खाजवली. “टोपली हाय का तुमच्याकरं? आमची कवाच सरली.”

“हाय,” म्हणून काळुराम पुढच्या दाराकडे वळला. तिथे कंबर धरलेली म्हातारी होती, आणि तिला काय सांगायचं तेही त्याला पाठ होतं.