नंबर तोडू नका

शर्यतीत कुणी कुणाच्या पुढं जाऊ नये असं मनापासून वाटणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो माझा घरमालक होता. सगळं माळेगाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. आबांनी उभी हयात साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांना नंबर लावण्यात घालवली. ट्रॅक्टर असो, बैलगाडी असो की कुणा पुढाऱ्याच्या मेव्हण्याचा ट्रक, आधी आला तो आधी आत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा कायदा उरलेल्या जगाला लावला. लग्नाच्या पंगतीला लावला, न्हाव्याच्या खुर्चीला लावला. एकदा इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीला झुंबड उडाली, तर आबांनी छत्री आडवी धरून म्हातारे, बायका, पोरंटोरं सगळ्यांना एका ओळीत चढवलं. शेवटी आम्ही दोघं खाली उरलो आणि गाडी भरून निघून गेली. दुपारची पाळी चुकली तर उद्या कामावर ठेवतील की नाही, या धास्तीनं मी पुढची गाडी कधी आहे ते विचारत हिंडत होतो. आबा मात्र प्रसन्न. "पाव्हणं, नंबर कसा झ्याक लागला, बगितलं न्हवं?"

मी हिंगोलीकडचा. शाळा आठवीतच सुटली, आणि इकडं बारामतीच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागलो. खोली शोधताना चार घरमालकांनी गाव, जात, कागदपत्रं सगळं विचारून दार लावून घेतलं होतं. आबांनी एकच विचारलं, "पहाटं उटता का?" उठतो म्हटलं. "मग खोली तुमची." या प्रश्नाचा उलगडा पहिल्या रविवारी झाला. आबांच्या पुण्यातल्या नातवानं टीव्हीत काहीतरी भरून दिलं होतं आणि त्यात अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यती दिसायच्या. तिकडं शनिवारची संध्याकाळ झाली की आपल्याकडं रविवारची पहाट. अंड्याच्या आकाराचा डांबरी रस्ता, भोवती जत्रेएवढी माणसं, आणि अंगभर जाहिराती चिकटवलेल्या चाळीसेक मोटारी कानठळ्या बसवत सारख्या डावीकडं वळतायत. तासाभरानं मी भीत भीत विचारलं, "आबा, हे जातात कुठं?"

"कुटं न्हाय. हितंच फिरत्यात. म्हनून तर बगायचं."

बघायचं म्हणजे भांडायचं. एखादी मोटार दुसरीच्या पुढं निघाली की आबा खाटेवरून उठायचे. "ए निळ्या! मागं हो! ती लाल तुज्या आदी आलीया, मी बगितलंय!" निळा काही ऐकायचा नाही. आबांना खरी गोडी लागायची ती टक्कर झाल्यावर. कुणी भिंतीला घासलं की पिवळं निशाण पडतं, एक गाडी पुढं येते आणि बाकीच्या तिच्यामागं मुकाट ओळीनं हळूहळू चालतात. तेव्हा पुढं जायची बंदी. मग आबा आपल्या हातानं दोघांच्या कपात चहा ओतायचे. "आता कशी शाणी झाली! नंबर तोडायचा न्हाय." हिरवं निशाण पडलं की म्हणायचे, "घ्या, झाला इस्कोट."

आबांच्या बायकोला, काकींना, जाऊन चार वर्षं झाली होती. घर एवढं गप्प की नळ टपकला तरी दचकायला व्हायचं. इंजिनांच्या गोंगाटात आयुष्य गेलेल्या माणसाला ते सोसत नसावं. मला तरी कुठं सोसत होतं? मला डेंगी झाला तेव्हा याच माणसानं आठ दिवस पेज पाजली. आई फोनवर रडायला लागली तर माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाले, "माय, लेक हितं माज्याजवळ हाय. घोर करू नगा."

यंदा आबा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले आणि लेकीनं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. तिचं चुकलं नव्हतंच. जायचा दिवस नेमका रविवार आला. जावई सामान गाडीत भरत होते, ताई दारात उभ्या. "आबा, चला की. ऊन व्हायला लागलं."

"शर्यत संपंस्तवर न्हाय."

थोड्या फेऱ्या उरल्या होत्या. तेवढ्यात तीन मोटारी एकमेकींत घुसल्या. पिवळं निशाण. मग आणखी एकदा टक्कर झाली, आणि पिवळ्या निशाणात शर्यत संपवायची नाही म्हणून फेऱ्या वाढवल्या. मी मनात म्हणत होतो, अजून एक होऊ दे. मग माझी मलाच लाज वाटली. माझ्या दहा मिनिटांसाठी तिकडं कुणाच्या लेकराचे हातपाय मोडायला नकोत. नाही झाली टक्कर. शर्यत संपली.

आबा उठले, टोपी घातली. खोलीचं भाडं कुणाकडं द्यायचं, किल्ली कुणाकडं, ताईंनी सगळं सांगितलं. जाऊ नका म्हणायचा मला काय अधिकार? आठवडाभर बोलणं जुळवलं होतं, आणि तोंडातून आलं, "पाण्याची बाटली घेतली का?"

"घेतली की," आबा म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून जरा उगीच उभे राहिले.

गाडी गेल्यावर मी आत आलो. टीव्ही चालूच होता. जिंकलेला माणूस खिडकीतून अंग काढून मोटारीच्या टपावर उभा होता, घामानं निथळत. आणि कठड्याकडून त्याची बायको, दोन पोरं आणि पांढऱ्या केसांचा त्याचा बाप, सगळे त्याच्याकडं धावत येत होते. ते पोचेपर्यंत मी उभ्यानंच बघत राहिलो.