मिशनच्या शाळेतली बायडाबाई

शिरूर कासारहून पंधरा किलोमीटर आत, माळावर मिशनची शाळा आहे. फक्त पोरांची, पोरींची नाही. बाहत्तरच्या दुष्काळात सुकडी वाटायला आलेले फादर एमिल काम संपलं तरी परत गेले नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्यांनी पत्र्याच्या शेडखाली अकरा पोरं बसवली. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं पोरं उपाशी, म्हणून वर्गांच्या आधी बोर्डिंग बांधलं. हा उंच, गोरा माणूस मराठी शिकला तो गाडीवानांकडून आणि गुराख्यांकडून. रडणाऱ्या पोराला जवळ ओढून तो म्हणायचा, "कावून रडतो रं? भाकर खाल्ली का न्हाई?"

ती भाकर पस्तीस वर्षं बायडाबाईनं थापली.

ती आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तोडीवर असताना उसाच्या फडात नवऱ्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता काय कामाचा?" तीन महिन्यांची मंगल झोळीत घालून ती गावाकडं परतली आणि चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकात उभी राहिली. फादरांनी एवढंच विचारलं, "शंभर पोरांच्या भाकरी होतील?"

"पीठ द्या," ती म्हणाली.

गावानं आठ दिवस कुजबुज केली. बाई आता बाटणार, गळ्यात क्रूस येणार. तिनं धसक्यानं तुळजाभवानीची तसबीर पिठाच्या कोठीमागं लपवून ठेवली. एकदा कोठी सरकवताना तसबीर फादरांच्या हाती लागली. फादर बाहेर गेले, हातोडी आणि खिळा घेऊन आले आणि चुलीच्या वरच्या भिंतीवर तसबीर टांगून म्हणाले, "देवीला कोठीमागं लई उकडत आसंल."

अशा माणसाला एकच गोष्ट जमली नाही. मंगल सातवी पास झाली. पुढची शाळा शिरूरला, आणि तिकडं जायला एसटी नाही. मिशनची शाळा मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर. बायडाबाईनं धीर करून विचारलं. फादर टेबलाकडं बघत म्हणाले, "बाई, ही पोरांची शाळा हाय. वरचा नियम हाय. माझ्या हातात न्हाई." बायडाबाई चुलीपाशी परत आली. त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या. ती भांडली नाही, आणि त्याचाच सल तिला पुढं जन्मभर राहिला. सोळाव्या वर्षी मंगलचं लग्न झालं आणि तिच्याही हाती कोयता आला. दोन वर्षांनी फादर वारले. शाळेमागच्या जांभळाखाली त्यांना पुरलं, तेव्हा सारं गाव जमलं होतं.

दोन हजार तेवीसमध्ये शाळेला पन्नास वर्षं झाली. नवे मुख्याध्यापक फादर मायकल स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला बसले, तर जुन्या दप्तराला वाळवी लागलेली. मग ते रोज दुपारी स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसू लागले. बायडाबाईला सगळं तोंडपाठ होतं, ती यायच्या आधीचंही फादर एमिलकडून ऐकलेलं. पहिल्या विहिरीला कोणत्या साली पाणी लागलं, कोणत्या वादळात पत्रे उडाले, कोणता पोरगा पुढं डॉक्टर झाला आणि कोणता पळून गेला. पाचव्या दिवशी फादर म्हणाले, "आता तुमच्याविषयी सांगा. तेही इतिहासात लिहू."

बायडाबाईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "माझं ऱ्हाऊ द्या. माझी नात रोहिणी चौथी पास व्हईल. तिचं नाव ल्याहा. इतिहासात नगं, हजेरीत ल्याहा."

फादर आधी नियमाचं बोलले. पण त्याच आठवड्यात त्यांनी वर मिशनच्या वरिष्ठांना पत्र धाडलं. वरून उत्तर आलं, शाळेच्या समितीची हरकत नसेल तर आमची नाही.

हरकत होती. समितीचा अध्यक्ष विठ्ठलराव, याच बोर्डिंगचा विद्यार्थी, आता तालुक्याच्या राजकारणातला माणूस. बैठकीत त्यानं स्पष्ट सांगितलं, "पोरंपोरी एका वर्गात बसवल्या तर शाळेचं वळण बिघडंल. पन्नास वर्षांचं नाव हाय."

बायडाबाई चहा घेऊन आत आली होती. विठ्ठलराव उठून तिच्या पाया पडला. ती तिथंच थांबली.

"इठ्ठल, तुला आठवीत गोवर निघाला तवा तुजे मायबाप कुठं व्हते?"

"उसाला, बाई."

"नऊ दिवस तू माझ्या खोलीत पडला व्हतास. मी हितं भाकरी थापायचे. तुझ्यापाशी कोण बसायचं? मंगल. बारा वर्साची पोर, रातीची पन उठून तुला पाणी पाजायची. तवा वळण न्हाई बिघडलं. आता तिची लेक वर्गात बसली की बिघडतंय व्हय?"

कुणी चहाला हात लावला नाही. "बघू," एवढंच विठ्ठलराव म्हणाला आणि बैठक मोडली. बायडाबाईला वाटलं, संपलं. संतापात बोलून आपणच होतं ते घालवलं. पण तीन दिवसांनी ठरावावर सही करून त्यानं कागद स्वतः आणून दिला. दाराशी घुटमळत म्हणाला, "मंगलताई बरी हाय ना?"

जूनमध्ये चौदा मुली आल्या. रोहिणी पाचवीच्या वर्गात बसली.

दसऱ्यानंतर मात्र नवंच संकट उभं राहिलं. उसाला निघायची वेळ झाली आणि बोर्डिंग तर पोरांचंच. रोहिणीला आजी होती, पण आणखी सहा मुलींच्या घरी मागं सांभाळायला कुणी नव्हतं. त्यांचे आईबाप त्यांना बरोबर न्यायला निघाले. बायडाबाई वस्तीवर घरोघर गेली. "पोर माझ्यापाशी ठिवा. माझ्या दोन खोल्या हायत." शेजारच्या एका म्हातारीनं विचारलं, "आगं, तुजं वय झालं, तू कशी सांभाळशील सहा-सात पोरी?" बायडाबाई हसली. "शंभराच्या हिशेबानं लई थोड्या हायत की." फादर मायकलनी गाद्या पाठवल्या. स्वयंपाकघरातलं काम तिनं दुसऱ्या बाईकडं सोपवलं.

मंगल निघाली त्या सकाळी ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, बिऱ्हाड चढवून झालं होतं. तिनं रोहिणीच्या वेण्या घातल्या, रिबिनी घट्ट बांधल्या आणि आईकडं न बघताच म्हणाली, "आये, हिला गणित येत न्हाई बरं का. मारू नगंस."

"जा तू," बायडाबाई म्हणाली. "गुढीपाडव्याला ये."

ट्रक धुरळा उडवत डांबरी रस्त्याला लागला. दारात सात पोरी दप्तरं घेऊन उभ्या होत्या, आणि शाळेची घंटा व्हायला अजून दहा मिनिटं होती. बायडाबाईनं परातीत पीठ घेतलं. एकीनं अजून काही खाल्लं नव्हतं.