तुमी कोन्ते?

घर पाहायला गेले की मी आधी भिंतीवर टिचकी मारते. पोकळ वाजली की समजायचं, प्लास्टर सुटलंय. मालेगावातल्या त्या घराच्या भिंती ठणठणीत वाजल्या. खिडकीखाली एक लांब तडा होता, पण आमच्या काळ्या मातीवर तडा नसलेलं जुनं घर कोणी दाखवावंच मला.

"तो माह्या लग्नाच्या आधीचा हाय," घरमालक म्हणाले. "वाढत नाही आता."

साठी उलटलेले साधे गृहस्थ. नवराबायको दोघं पुण्याला मुलाकडे निघाले होते, म्हणून घर विकायचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं पत्र्याची पडवी. मोरीजवळची फरशी खचलेली, वायरिंग सगळी बदलावी लागणार, नळ आठवड्यातून एकदा. मी एकेक खोट मोठ्यानं काढत होते. मास्तरीण आहे, सवय जात नाही. मनातून मात्र घर केव्हाच घेऊन टाकलं होतं. कारण एकच, सगळं जमिनीवर होतं. आईचे गुडघे गेलेत आणि आम्ही भाड्यानं राहतो दुसऱ्या मजल्यावर. पोळ्यापासून ती खाली उतरली नव्हती. त्या दिवशी ऑटोवाल्यानं आणि मी मिळून तिला जवळजवळ उचलूनच आणलं.

आई पडवीत बसली ती बसलीच. घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि दोघींचं जमलं.

"तुमचा कोनता दुखते व बाई?"

"दोन्हीबी. तुमचा?"

"डावा. मेला झोपूच देत नाही."

अशा हसल्या दोघी, जसं काही गुडघे दुखणं ही मोठी गंमत आहे! मग तेल कोणतं, शेक कशाचा, सगळं झालं. आई रस्त्याकडे पाहत म्हणाली, "इथं बसलं का मानसं दिसतेत." मला भरूनच आलं. आमच्या भाड्याच्या खोलीतून तिला समोरच्या गच्चीवरच्या टाक्या दिसतात.

निघताना मालकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमी कोन्ते म्हना?"

"आसेगावकडचे," मी म्हणाले.

त्यांनी गाव विचारलं नव्हतं. आमच्याकडे 'कोन्ते' म्हणजे गाव नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग त्यांनी आडनाव विचारलं. ते मी सांगितलं. आमचं आडनाव चार जातींत सापडतं. त्यांनी मान डोलावली आणि आपल्याला बरी वाटली ती जात आम्हाला लावून घेतली. मी लावू दिली. लाज वाटली का? वाटली. पण घर पाहिजे होतं. ऑटोत आईलाही मी बजावलं होतं, "तिथं नमस्कार म्हनजो." ती "हो व माय" म्हणाली होती.

बाईंनी दंडाला धरून आईला पडवीतून खाली उतरवलं. आईनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तोंडावर नुसता आनंद. म्हणाली, "येतो बाई. जयभीम."

उभ्या जन्मात तिनं दुसऱ्या शब्दानं कोणाचा निरोप घेतलेला नाही.

बाईंनी हात सोडवून घेतले, हळूच, पदर सारखा करायला. मालक म्हणाले, "कळवतो मंग," आणि आत गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पोरगं म्हनते, इकू नका घर."

"काहून, काका?"

"आता काय सांगाव मॅडम... मोहल्ल्यातले लोक असतेत..."

खडसावायला पाहिजे होतं मी. वर्गात चाळीस पोरांना गप्प करते. पण "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. शाळेत जाताना ते घर लागतं. 'घर विकणे आहे' ही पाटी अजून तिथंच आहे.

राग निघाला तो आईवर. "सांगितलं नव्हतं का तुला? एक शब्द सांभाळता येत नाही?" सत्तरीच्या बाईवर ओरडले मी, हातातलं ताट आपटून.

ती म्हणाली, "तोंडातून निघून गेलं व. लय चांगली वाटली ती बाई."

पुढच्या रविवारी दलालानं दुसरं घर सांगितलं, तेही जुन्या वस्तीतलं. मी तिची चप्पल काढून ठेवली, ऑटोला फोन लावायला घेतला. आईनं माझा हात धरला.

"तूच जाय. मी आली का बोलून जातो. घर घेनं झालं का मंग मले ने."

तिला म्हणायला हवं होतं, चल, आणि जे बोलायचं ते मोठ्यानं बोल. मी दार ओढून घेतलं आणि एकटीच गेले.