हळदीच्या मांडवातली गिटार

उखाभाऊला गाणं येत नव्हतं. साधी आरती म्हणतानाही तो सुरातून घसरायचा. अशा माणसाने सुरतेहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली, तेव्हा शहाद्याच्या स्टँडमागची सगळी दुकानं हसली.

तो मोटारी भरायचा. तापीकाठी पंप बसू लागले होते. जळालेल्या मोटारी बैलगाडीतून त्याच्याकडे यायच्या. तो आतली जळकी तार काढायचा, नवी गुंडाळायचा, वार्निश पाजायचा आणि बल्ब लावलेल्या पेटीत वाळवायचा. मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो. नोकरी नव्हती. त्याच्या दुकानात बसायचो. माझ्याहून बराच मोठा, पण वागायचा मित्रासारखा. मला ‘बीए’ म्हणायचा.

गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवत वाजवायची होती. अगदी स्वस्तातली. खुंट्या आपोआप सैल व्हायच्या. तारांचा आवाज पकडणारी खालची डबी, म्हणजे पिकप, तडकलेली. भोंग्याला जोडली की पत्रा हलवल्यासारखी वाजायची.

“वाजवणार कोण?” मी विचारलं.

“पहिले तिले बोलती त होऊ दे, बीए.”

गिटार आणण्याचं कारण मला माहीत होतं. मंगलावहिनी, त्याची बायको. लग्नात हळदीचं गाणं त्या उचलायच्या, मग बाकीच्या बायका धरायच्या. पुढे गळ्याला गाठ आली. धुळ्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज बसला. शेजारी बसलेल्या बाईपलीकडे तो पोचेना. तेव्हापासून त्या लग्नात चुलीपाशीच थांबायच्या. गाणाऱ्या बायकांत बसायच्या नाहीत.

आता पुतणी रंजना हिचं लग्न होतं. ती वहिनींच्या मांडीवर वाढलेली. तिने हट्ट धरला, हळद काकूच्याच गाण्यावर लागेल.

उखाभाऊने माईकची गोष्ट काढली. रंजनाचे वडील हिंमतराव, उखाभाऊचे थोरले भाऊ, प्रकाशा गावी शेती करायचे. ते उसळले.

“घरनी सूनना आवाज भोंगामा? आख्खं गाव आयकी?”

वहिनींनाही माईक नकोच होता. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, त्या कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या. पाणी द्यायचं तर पदर ओढून पेला उंबऱ्यावर ठेवायच्या आणि बांगड्या वाजवायच्या. हिंमतराव दुसरीकडे पाहत पेला उचलायचे. लग्न होऊन आल्यापासून हेच.

“जेठ बाहेर बठतीन. मी कशी बोलू?” त्या म्हणाल्या. आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

उखाभाऊ त्यानंतर सुरतेला गेला.

“गिटारले कुठे पदर शे?” तो मला म्हणाला.

जुन्या हेडफोनमधली लोहचुंबकं त्याने काढली. रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधून केसाहून बारीक तार सोडवली. मोटारीच्या तारेला सरावलेली त्याची बोटं ती सारखी तोडायची. तो शिवी द्यायचा, जोड द्यायचा, पुन्हा गुंडाळायचा. शेवटी डबी भरली. मग त्याने हाताच्या सवयीने तिला वार्निश पाजलं आणि बल्बच्या पेटीत ठेवली. मोटारीचा संस्कार तिच्यावरही केला. त्या वार्निशाने बारीक तारेवरचा लेप खाल्ला. डबी मुकी झाली.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली.

“आपलं ते सगळानं नही ऱ्हास, बीए,” म्हणाला, आणि नवी डबी घेतली.

दुसरी वार्निशाशिवाय केली. भोंग्याला जोडताच ती किंचाळली. समोरच्या चहावाल्याने विचारलं, “उखा, डुक्कर कापी ऱ्हायना का?”

आतले वेढे सुटे होते, ते थरथरत होते. त्यांना धरून ठेवणारं, पण तार न खाणारं काहीतरी हवं होतं. तोरणमाळकडून मध घेऊन येणारा दिवाल्या बाजारात बसायचा. त्याच्याकडून मेण आणलं. मंद आचेवर वितळवून डबी त्यात सोडली. बुडबुडे आले. तो ते थांबेपर्यंत वाकून बघत होता, ताप उतरायची वाट बघावी तसा.

मोडक्या मेंडोलिनच्या खुंट्या बसवल्या. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पितळी पट्टी कानशीने घासून केली. बेअरिंगमधला रोलर तारांवर फिरवायला घेतला. रोज संध्याकाळी गिटार घरी जायची. सकाळी वहिनींचा निकाल यायचा.

“ती म्हने, नाकातून बोलस.”

मग तो डबी उघडायचा, अजून वेढे चढवायचा, पुन्हा मेण. आवाज जाड होत गेला. एका सकाळी निकाल आलाच नाही. त्याने दुकान झाडलं, मला चहा पाजला. मी समजलो, वहिनींना आवाज पटला. त्याच्या बेसूर बोटांचं काय करायचं, एवढंच मला समजत नव्हतं.

हळदीच्या दिवशी प्रकाशाला हिंमतरावांच्या अंगणात मांडव होता. गिटार आत, बायकांत. तिची तार दारातून बाहेर ओढून अॅम्प्लिफायरला जोडलेली. अॅम्प्लिफायर मोटरगाडीच्या बॅटरीवर, आणि त्याच्यापाशी मी. समोर बाजेवर हिंमतराव, पाहुण्यांशी बोलत.

आत पाट मांडला. उखाभाऊ बाहेर आला आणि माझ्याशेजारी बसला.

“अहो, आत जाऊन वाजवा ना,” मी म्हणालो.

तो तसाच गुडघे धरून बसला.

आणि भोंग्यातून गाणं आलं. खालच्या सुरातलं, जाड, थोडं अडखळत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, बाई गाताना घसरते तसं. मी उखाभाऊच्या हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवरच होते. रोज संध्याकाळी गिटार वहिनींच्या हाती जायची, ते आता कळलं.

आत कुणी गाणं धरेना. बायकाही दचकल्या असाव्यात. गिटार एकटीच पहिली ओळ पुन्हा म्हणाली. मग रंजनाचा आवाज आला. नवरी स्वतःच्या हळदीला गात नाही. ती गायली. मग सगळ्या बायकांनी गाणं धरलं.

हिंमतराव बोलता बोलता थांबले. बाजेवरून उठले. सरळ माझ्याकडे आले. आता बंद करायला सांगतील म्हणून मी बटणावर हात ठेवला. उखाभाऊ उभा राहिला.

हिंमतरावांनी दाराकडे पाहिलं नाही. त्यांची नजर माझ्या हातावर होती.

“दुसरं कडवं येस तव्हय ती आवाज खाले लेस,” ते हळूच म्हणाले. “पहिलेपासून. तव्हय वाढाडजो.”

आत दुसरं कडवं सुरू झालं. मी बटण फिरवून आवाज वाढवला.